नेमसर्व्हर बदलले, वेबसाइट चालू राहिली आणि मेल गायब झाल्या: एका हळद कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वसमत पट्ट्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. नाव, गाव, माणसं सगळं झाकून ठेवलंय पण प्रकार जसा घडला तसाच मांडतोय. सभासदांकडून हळद घ्यायची, पॉलिश करायची, लॅबमधून कुरकुमीन आणि ओलावा तपासून घ्यायचा आणि सांगली, गुजरात, दिल्लीकडच्या पार्ट्यांना विकायची, असं त्यांचं काम. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळाल्यापासून बाहेरच्या पार्ट्या आधी मेलवर बोलतात, रिपोर्ट पाठवा, सॅम्पल पाठवा, भाव कळवा, आणि मग फोन. म्हणजे कंपनीचा मेल बंद पडला तर सीझनमध्ये थेट धंद्यावर परिणाम.

आता यांचं इंटरनेटवरचं बस्तान कसं बसलेलं होतं ते नीट बघा, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं आणि मेलचं इंटरनेटवरचं नाव, होतं, ते संभाजीनगरच्या एका डेव्हलपरनं चारेक वर्षांपूर्वी घेऊन दिलेलं, त्याच्याच खात्यात, त्याच्याच मेल आयडीवर. वेबसाइट त्याच्याच होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, आणि डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाची माहिती जगाला सांगणारे सर्व्हर, तेही त्याच होस्टिंगचे. मेल मात्र गूगल वर्कस्पेसवर, ते मधे कधीतरी अध्यक्षांच्या ओळखीतल्या एका पोरानं लावून दिलेलं. आणि खरेदी केंद्रावर वजन-बिलाचं जे सॉफ्टवेअर चालतं ते तिसऱ्याच एका कंपनीचं, ते डोमेनच्या पुढं ‘हिशोब’ असं नाव लावून उघडायचं. चार गोष्टी, तिघांनी वेगवेगळ्या वेळी लावलेल्या, आणि चारही एकाच ठिकाणी कुठं लिहून ठेवलेल्या नाहीत. आपल्याकडं निम्म्या छोट्या कंपन्यांचं असंच असतं, त्यात यांना वेगळं काही बोलायचं नाही.

मार्चमध्ये, म्हणजे हळद शिजवून वाळवून बाजारात यायला लागते त्या दिवसांत, यांनी नांदेडच्या एका तरुण पोराकडून नवीन वेबसाइट करून घेतली. पोरगं हुशार आहे, साइट खरंच चांगली केलीय, मराठीत, मोबाईलवर नीट दिसणारी, ऑर्डरच्या फॉर्मसकट. होस्टिंग त्यानं नवीन घेतलं. साइट तयार झाल्यावर त्यानं संभाजीनगरच्या डेव्हलपरला व्हॉट्सअॅप केला, दादा, डोमेनला हे दोन नेमसर्व्हर टाका. शुक्रवारी संध्याकाळी दादानं टाकले. दोघांनी आपापलं काम सांगितल्याप्रमाणं केलं.

शुक्रवारी नेमकं काय बदललं

नेमसर्व्हर बदलणं म्हणजे वेबसाइट नवीन होस्टिंगवर नेणं असं बरेच जण धरून चालतात आणि होस्टिंगवाल्यांच्या मदतीच्या पानांवरही पहिली पायरी हीच लिहिलेली असते. प्रत्यक्षात नेमसर्व्हर बदलणं म्हणजे गावचं अख्खं दप्तर एका तलाठ्याकडून काढून दुसऱ्याकडं देणं. आता डोमेनबद्दल काहीही विचारायचं असलं, वेबसाइट कुठं, मेल कुठं टाकायची, हिशोब कुठं उघडायचा, तर जग नवीन तलाठ्याला विचारणार, आणि त्याच्या वहीत जेवढं लिहिलंय तेवढंच तो सांगणार. जुन्या वहीतलं आपोआप नव्या वहीत उतरत नाही.

नव्या होस्टिंगवर सीपॅनल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनल, होतं. सीपॅनलमध्ये डोमेन जोडलं की तो स्वतःच एक झोन, म्हणजे डोमेनच्या नोंदींची ती वही, तयार करतो, त्यात ए रेकॉर्ड (वेबसाइट कुठं ते सांगणारी नोंद) त्या सर्व्हरचा, एमएक्स रेकॉर्डही (मेल कुठं टाकायची ती नोंद) त्याच सर्व्हरकडं, प्रायॉरिटी ०, आणि एसपीएफचा (या डोमेनच्या नावानं मेल कुणी पाठवायची त्याचा) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराचा, रेकॉर्ड, तोही त्याच सर्व्हरपुरता. म्हणजे नव्या वहीत असं लिहिलेलं होतं की या डोमेनच्या मेल माझ्याकडंच टाका. गूगलचं नावही नाही. हिशोबचा रेकॉर्ड नाही. गूगलच्या डीकिमची, म्हणजे गेलेल्या मेलवरच्या डिजिटल सहीची, चावी नाही.

वेबसाइट मात्र झकास उघडली. पोरानं स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले.

अडचण कशी लक्षात आली

शनिवारी दुपारी सांगलीच्या एका पार्टीचा फोन आला, सकाळी मेल केलाय, रिपोर्ट मागितलाय, काहीच उत्तर नाही. सीईओ ताईंनी इनबॉक्स बघितला तर त्यांची मेल नाही, पण त्याच सकाळी दिल्लीच्या एकाची मेल आलेली दिसत होती. मग साहजिकच वाटलं की सांगलीवाल्यांनीच पत्ता चुकवला असेल. ताईंनी स्वतःच्या जीमेलवरून एक मेल पाठवून बघितली. तीही आली नाही, आणि परतही आली नाही.

ही परत न येणं फार वाईट गोष्ट आहे. मेल बाउन्स झाली तर पाठवणाऱ्याला कळतं, तो फोन करतो. इथं नव्या सर्व्हरवर डिफॉल्ट अॅड्रेस अशा पद्धतीनं लावलेला होता की या डोमेनच्या कुठल्याही नावानं मेल आली आणि तो मेलबॉक्स अस्तित्वात नसला तरी ती होस्टिंग खात्याच्या मूळ डब्यात जाऊन पडायची. पाठवणाऱ्याला वाटतंय पोचली, घेणाऱ्याला काहीच माहिती नाही. ताई मला फोनवर म्हणाल्या, “सर, वेबसाइट तर चालू हाय, मग मेलला काय झालं? एकाची येते, एकाची येईना.”

एकाची येते आणि एकाची येत नाही, हीच खरी खूण होती. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांच्या मूळ नोंदवहीत, डोमेनच्या नेमसर्व्हरची जी नोंद असते तिचा टीटीएल, म्हणजे उत्तर जवळ ठेवायची मुदत, १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे दोन दिवस. जगात ठिकठिकाणी जे रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्यासाठी ही माहिती विचारून आणणारे सर्व्हर, बसलेत त्यांनी एकदा विचारून घेतलं की ते उत्तर ते इतका वेळ जवळ ठेवू शकतात. शुक्रवारच्या बदलाची बातमी कुणी कुणाला पाठवत नाही, ज्याच्या त्याच्या जवळचं जुनं उत्तर मुदत संपून गळालं की तो नव्यानं विचारतो. त्यामुळं शनिवारी दुपारी दिल्लीवाल्यांचा मेल सर्व्हर अजून जुन्या नेमसर्व्हरला विचारत होता, तिथं गूगलचे एमएक्स होते, मेल बरोबर पोचली. सांगलीवाल्यांचा नव्याला विचारत होता, मेल डब्यात गेली.

पोरानं मला संध्याकाळी जोडून घेतलं. मी नांदेडातच असली कामं करतो, त्याच्या ओळखीचा. पहिलं काम म्हणजे अंदाज न लावता तिघांना वेगवेगळं विचारणं. डिग नावाची कमांड असते, तिला अॅट चिन्ह लावून कुठल्या सर्व्हरला विचारायचं ते सांगता येतं. डॉट कॉमच्या सर्व्हरला विचारलं, नेमसर्व्हर नवे. जुन्या नेमसर्व्हरला थेट विचारलं, एमएक्स गूगलचे पाच. नव्याला विचारलं, एमएक्स एकच, स्वतःचाच. विंडोजवर एनएसलुकअपनंही हे होतं, कमांडच्या शेवटी सर्व्हरचं नाव दिलं की झालं. नुसतं ब्राउझर उघडून साइट दिसतेय का हे बघण्यानं यातलं काहीच कळलं नसतं.

पर्याय काय होते

इथं खरी चर्चा झाली आणि तीच या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, म्हणून जरा लांबवतोय.

पोराचं म्हणणं, नेमसर्व्हर लगेच जुने करून टाकू, काल होतं तसं होऊन जाईल. ऐकायला एकदम बरोबर वाटतं आणि घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच सुचतं. पण ज्यांनी ज्यांनी शुक्रवारपासून नवीन नेमसर्व्हरचं उत्तर जवळ ठेवलंय, ते आपण मागं फिरलो तरी त्यांच्याजवळची मुदत संपेपर्यंत नव्यालाच विचारत राहणार. म्हणजे मागं फिरलो तरी नव्या वहीत गूगलचे एमएक्स लिहावे लागणारच होते, त्यातून सुटका नव्हती. आणि उद्या परत पुढं यायचं म्हटलं की पुन्हा तीच दोन दिवसांची खिचडी. मागं फिरणं मला तेव्हाच पटलं असतं जेव्हा नव्या पॅनलचा पासवर्डच कुणाकडं नसता, किंवा बदल करून दहा-पंधरा मिनिटंच झालेली असती, किंवा डीएनएससेकचा, म्हणजे नेमसर्व्हरच्या उत्तरांवरच्या डिजिटल सहीचा, घोळ असता. हे शेवटचं मी मुद्दाम तपासलं. जुन्या ठिकाणी डोमेनवर डीएनएससेक चालू असेल तर रजिस्ट्रीत डीएस नावाचा रेकॉर्ड असतो, आणि तो तसाच ठेवून नेमसर्व्हर बदलले तर गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ यांच्यासारखे तपासून घेणारे रिझॉल्व्हर डोमेनच खोटं ठरवतात, साइटही जाते आणि मेलही. आपल्या डोमेनला डीएस नव्हता, त्यामुळं तो प्रश्न मिटला.

दुसरा पर्याय म्हणजे पुढंच राहायचं, नवीन झोन पूर्ण भरायचा, आणि जुना झोनही जिवंत ठेवून दोन्हीकडं तंतोतंत एकच माहिती ठेवायची, म्हणजे कुणी कुणालाही विचारलं तरी उत्तर तेच. यात अडचण एकच, जुन्या पॅनलचा ताबा संभाजीनगरच्या डेव्हलपरकडं आणि त्याचं काम काढून घेतलेलं, तो फोन उचलेल का हीच शंका.

तिसरा पर्याय मीच मांडला आणि मीच बाजूला ठेवला. डीएनएस, म्हणजे नेमसर्व्हर आणि ही वही, होस्टिंगवर ठेवायचंच नाही, रजिस्ट्रारच्या (ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिच्या) स्वतःच्या नेमसर्व्हरवर किंवा एखाद्या वेगळ्या डीएनएस सेवेवर न्यायचं, म्हणजे उद्या होस्टिंग बदललं तरी नेमसर्व्हरला हात लावायला नको. मला कायमचं हेच योग्य वाटतं. एक कारण असंही की नव्या होस्टिंगचे ते दोन नेमसर्व्हर मी तपासले तर दोघांचा आयपी एकच निघाला, म्हणजे नावं दोन आणि मशीन एक. दोन नेमसर्व्हर असावेत हा नियम १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) आहे आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या नेटवर्कवर असावेत हे १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये सविस्तर सांगितलंय, कारण एक पडला तर दुसऱ्यानं उत्तर द्यावं. एका मशीनवर दोन नावं लावून ती सोय होत नाही. पण शनिवारी रात्री, आधीच दोन वह्या जगात फिरत असताना, तिसरी वही काढणं म्हणजे गोंधळात भर. म्हणून ते सीझननंतर करायचं ठरलं.

मधेच अध्यक्ष काकांनी विचारलं की आपल्याच नावाचे नेमसर्व्हर करता येतात म्हणं, पोरगं म्हणत होतं, ते करून टाकू का. करता येतात. पण नेमसर्व्हरचं नाव आपल्याच डोमेनमधलं असलं की त्याचा पत्ता शोधायला आधी आपल्याच नेमसर्व्हरला विचारावं लागतं, ते चक्र तोडायला रजिस्ट्रारकडं त्या नावांचे आयपी नोंदवावे लागतात, त्याला ग्लू रेकॉर्ड म्हणतात, आणि सर्व्हरचा आयपी बदलला की ते लक्षात ठेवून बदलावे लागतात. ज्या कंपनीत डीएनएस बघायला कायमचा माणूस नाही तिथं हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि काकांनी ते लगेच मान्य केलं.

काय काय केलं

आधी फोन, मग तांत्रिक काम, हा क्रम मी आग्रहानं ठेवला. संभाजीनगरच्या डेव्हलपरला ताईंनी स्वतः फोन केला, मी नाही आणि पोरानं तर नाहीच. ताई म्हणाल्या, “दादा, तुमची काही चूक नाही, पण आमच्या मेल अडकल्यात, तुम्ही जुनं खातं बंद करू नका एवढं ऐका.” तो म्हणाला, “ताई, मला जे दिलं ते मी टाकलं, मेलचं कुणी बोललंच नाही. खातं मी सोमवारी काढणार होतो.” सोमवारी! खातं काढलं असतं तर जुना झोनही गेला असता आणि आत काय काय होतं हे बघायला जागाच उरली नसती. त्यानं खातं ठेवायचं कबूल केलं आणि लग्नात आहे, झोन फाइल सकाळी पाठवतो म्हणाला. ताईंनी त्याला दोष देत बोलायला सुरुवात केली असती तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

सकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून जे माहिती होतं ते लगेच भरलं. नव्या झोनमध्ये गूगलचे एमएक्स टाकले. गूगल आता नवीन खात्यांना एकच एमएक्स देतं, एसएमटीपी.गूगल.कॉम, प्रायॉरिटी १, पण जुने पाचही चालतात, आणि जुन्या झोनमध्ये पाच होते म्हणून तेच तसेच उतरवले, कारण दोन्हीकडं सारखं ठेवायचं होतं. इथं एक बारीक गोष्ट. पोरानं पाच रेकॉर्ड जोडले आणि सीपॅनलचा स्वतःचा एमएक्स तसाच ठेवला. त्याची प्रायॉरिटी ०. एमएक्समध्ये आकडा जितका लहान तितका तो आधी, म्हणजे गूगलचे पाच खाली रांगेत उभे आणि मेल परत त्याच डब्यात जाणार. तो रेकॉर्ड काढला तेव्हा कुठं काम झालं. आणि सीपॅनलच्या रेकॉर्डचा टीटीएल १४,४०० सेकंद असल्यामुळं आधीचं चुकीचं उत्तर ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडं ते अजून चार तास राहणार होतं, हे ताईंना आधीच सांगून ठेवलं, नाहीतर दुरुस्त करूनही काही होईना म्हणून पुन्हा हात लावायचा मोह होतो.

मग एसपीएफ. हा डोमेनमागं एकच रेकॉर्ड असायला पाहिजे, दोन वेगळे टाकले तर तपासणी चुकीची ठरते. म्हणून सीपॅनलच्याच ओळीत गूगलचा इन्क्लूड (गूगलचे सर्व्हरही चालतील असं सांगणारा भाग) घातला, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरवरून गेलेली आणि गूगलवरून गेलेली, दोन्ही मेल ग्राह्य. डीकिमची चावी पोराला कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली होती, कॉपी करताना शेवटची काही अक्षरं तुटलेली. २०४८ बिटची चावी भलती लांब असते, डोळ्यांनी कळत नाही. ती सरळ गूगलच्या अॅडमिन पॅनलमधून पुन्हा घेतली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ-डीकिमचे नियम कडक केलेत, त्यामुळं हे दोन रेकॉर्ड नसले की आपली गेलेली मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडायची शक्यता वाढते, आणि हळदीचा भाव स्पॅममध्ये पडला तर पार्टी तुमच्यासाठी थांबत नाही.

झोन फाइल हातात नसताना अजून काय राहिलंय हे कसं शोधायचं? बाहेरून कुणाच्याही झोनची यादी मागता येत नाही, सर्व्हर देत नाही, एकेक नाव माहिती असेल तरच विचारता येतं. पण एक वाट आहे. ज्या ज्या नावाला एसएसएल सर्टिफिकेट निघतं त्याची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये होते आणि ती शोधता येते. तिथं डोमेन टाकलं आणि हिशोब हे नाव समोर आलं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “अगंबाई, ते तर सोमवारी सकाळी केंद्रावर लागणार!” जुन्या नेमसर्व्हरला त्या नावाबद्दल विचारून त्याचा सीनेम (हे नाव दुसऱ्या कुठल्या नावाकडं जातं ती नोंद) घेतला आणि नव्या झोनमध्ये टाकला.

रविवारी सकाळी झोन फाइल आली. तिच्यातली प्रत्येक ओळ नव्या झोनसमोर ठेवून बघितली. गूगल सर्च कन्सोलचा, म्हणजे साइट आपलीच आहे हे गूगलला दाखवायचा, पडताळणीचा एक टीएक्सटी राहिला होता, तो घातला. उलट्या बाजूनंही काम केलं, जुन्या झोनमधला वेबसाइटचा ए रेकॉर्ड नव्या सर्व्हरच्या आयपीवर फिरवायला दादाला सांगितलं, कारण जे अजून जुन्याला विचारत होते त्यांना जुनीच साइट दिसत होती आणि तिथं कुणी चौकशी भरली तर ती जुन्या डेटाबेसमध्ये गेली असती. त्यानं पाच मिनिटांत केलं. आता दोन्ही वह्या सारख्या.

मग डबा उघडला. नव्या होस्टिंगच्या वेबमेलमध्ये मूळ खात्याच्या नावानं लॉगिन केलं आणि शुक्रवार रात्रीपासूनच्या अडकलेल्या मेल तिथं सगळ्या होत्या, सांगलीची, गुजरातच्या एका पार्टीची, बँकेची, लॅबची. एकेक करून ताईंच्या खऱ्या इनबॉक्सकडं फॉरवर्ड केल्या.

सगळं झालं असं वाटत असतानाच वेबसाइटच्या फॉर्मवरून टाकलेली चाचणीची ऑर्डर मेलवर आली नाही. बाहेरच्या सगळ्या मेल येतायत, फक्त स्वतःच्याच साइटची नाही. याचं कारण एमएक्समध्ये नसतंच. सर्व्हरला स्वतःच्या सेटिंगमध्ये वाटत असतं की हे डोमेन माझंच आहे, मग तो एमएक्स बघायलाच जात नाही, मेल घरातच टाकतो. सीपॅनलमध्ये ईमेल राउटिंग म्हणून जागा आहे, तिथं लोकल मेल एक्स्चेंजर असं ठाम निवडलेलं होतं, ते रिमोट केलं आणि पुढच्याच मिनिटाला ऑर्डर ताईंच्या मोबाईलवर वाजली. नेमसर्व्हरच्या कामात ही जागा कुणी बघत नाही, आणि यात गेलेल्या ऑर्डर महिनोन्महिने कळत नाहीत, कारण फॉर्म भरणाऱ्याला ‘धन्यवाद’ दिसलेलं असतं.

निकाल

रविवारी संध्याकाळपर्यंत मेल दोन्हीकडून सुरळीत झाली. सोमवारी खरेदी केंद्रावर हिशोब एका कॉम्प्युटरवर उघडला आणि दुसऱ्यावर नाही. दुसऱ्यावर कुणीतरी आधी उघडायचा प्रयत्न केलेला, तेव्हा असं नावच नाही हे उत्तर आलेलं, आणि नाही हे उत्तरही रिझॉल्व्हर जपून ठेवतात, किती वेळ ते झोनच्या एसओए नावाच्या मुख्य रेकॉर्डवरून ठरतं. त्या कॉम्प्युटरला ८.८.८.८ लावलेला होता. गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचं एक पान आहे, तिथं डोमेनचं नाव टाकून जुनं उत्तर कुणालाही पुसून टाकता येतं, क्लाउडफ्लेअरचंही तसं पान आहे. तिथून पुसलं, कॉम्प्युटरची स्वतःची कॅशही साफ केली, उघडलं. मोबाईल कंपन्यांच्या रिझॉल्व्हरला अशी सोय नसते, तिथं वाट बघणं एवढंच हातात.

सांगलीच्या पार्टीनं रिपोर्ट मिळाल्यावर माल घेतला. गुजरातच्या पार्टीला रविवारी उत्तर गेलं तोवर त्यांनी दुसरीकडून सौदा केलेला होता, ती ऑर्डर गेली ती गेली. ताईंनी तो आकडा संचालक मंडळासमोर ठेवला, लपवला नाही, मला ते फार आवडलं, कारण त्यामुळंच पुढच्या कामाला मंजुरी मिळाली.

पुढचं काम म्हणजे डोमेन कंपनीच्या नावावर घेणं. दादानं त्याच रजिस्ट्रारकडं कंपनीनं उघडलेल्या खात्यात डोमेन ढकलून दिलं, पैसे मागितले नाहीत. रजिस्ट्रार मुद्दाम बदलला नाही, कारण नोंदीतल्या मालकाचं नाव बदललं की दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायला साठ दिवसांचं कुलूप लागू शकतं आणि आत्ता त्याची गरजही नव्हती. खात्याचा मेल आयडी त्याच डोमेनवरचा ठेवला नाही, वेगळा ठेवला. डोमेनलाच काही झालं तर पासवर्ड बदलायची मेल कुठं येणार, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

पुन्हा करायचं झालं तर

शुक्रवारी नेमसर्व्हर बदलायची गरजच नव्हती. जुन्या झोनमध्ये ए रेकॉर्ड तेवढा नव्या सर्व्हरच्या आयपीवर फिरवला असता तर वेबसाइट गेली असती आणि मेल, हिशोब, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आधी एक दिवस त्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० वर आणला असता तर पाच मिनिटांत सगळीकडं नवी साइट दिसली असती आणि काही बिघडलं तर तितक्याच वेळात मागं फिरता आलं असतं. नेमसर्व्हरच्या बदलाला ही सोय नाही, डॉट कॉमचा तो दोन दिवसांचा आकडा रजिस्ट्रीचा आहे, आपल्याला कमी करता येत नाही. जुनं होस्टिंग बंद होणार म्हणून झोन कधीतरी हलवावा लागणारच होता हे खरं, पण ते वेगळं काम आहे, वेगळ्या आठवड्यात करायचं.

ते काम आम्ही जूनमध्ये, पेरणीच्या गडबडीत हळदीची मेल कमी असते तेव्हा केलं, मंगळवारी सकाळी, म्हणजे अडलं तर सगळे फोनवर सापडतील. रजिस्ट्रारच्या डीएनएसवर आधी पूर्ण झोन भरला. मग नेमसर्व्हर बदलायच्या आधीच त्या नव्या सर्व्हरला डिगनं थेट विचारून प्रत्येक रेकॉर्ड जुन्याशी जुळवला, पोरानंच जुळवला, मी फक्त बाजूला बसलो होतो. एका सीनेमच्या शेवटी डोमेनचं नाव दोनदा लागलेलं सापडलं, काही पॅनल ते आपोआप जोडतात आणि आपणही पूर्ण नाव टाकलं की दुप्पट होतं. बदलायच्या आधी सापडलं म्हणून कुणाला कळलंही नाही. त्यानंतर नेमसर्व्हर बदलले, आणि जुना झोन आठवडाभर तसाच चालू ठेवला.

शुक्रवारी कुणीतरी एकच प्रश्न विचारायला पाहिजे होता, मेल कुठं आहे. पोराला वाटलं मेल दादाकडं असेल आणि तो बघेल, दादाला वाटलं पोरानं नवीन होस्टिंगवर सगळं भरलं असेल, ताईंना वाटलं वेबसाइटचं काम आहे, मेलचा काय संबंध. एका ग्रुपवर तिघं असते तर तो प्रश्न निघाला असता असं मला वाटतं. दोन-दोघांच्या वेगळ्या चॅटमध्ये तो निघत नाही.

नवीन होस्टिंग घेतल्याबरोबर डिफॉल्ट अॅड्रेसही बदलावा, नसलेल्या नावाची मेल गिळून टाकण्यापेक्षा परत पाठवलेली बरी. यावर पोराचं आणि माझं अजून एकमत नाही, त्याचं म्हणणं मेल डब्यात पडल्या म्हणून तर परत मिळाल्या. ते इथं खरं ठरलं, पण डबा आहे हे माहितीच नसेल तर तो कोण उघडणार, आणि बाउन्स झाली असती तर सांगलीवाल्यांचा फोन शनिवारी सकाळीच आला असता, गुजरातवाल्यांचाही आला असता.

डीमार्कचा, म्हणजे एसपीएफ-डीकिममध्ये नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा, रेकॉर्ड सध्या पी बरोबर नन असा ठेवलाय, म्हणजे नुसते रिपोर्ट येतायत, कुणाची मेल अडत नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरवाल्यांची कंपनीच्या नावानं जाणारी मेल अजून त्या रिपोर्टमध्ये नापास दिसतेय, त्यांच्याकडून डीकिमची चावी मागितलीय. ती आली की पॉलिसी क्वारंटाइनवर, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका यावर, न्यायची.